करार आणि सही यांमधली फट
इंग्लंडमध्ये घराचा भाव तोंडी ठरला, तरी करारपत्रांची अदलाबदल होईपर्यंत तो कुणालाच बांधत नाही. विक्रेत्याच्या पुढच्या घराची खरेदी अनेकदा याच विक्रीवर अडकलेली असते, म्हणून आयत्या वेळी भाव पाडणाऱ्या खरेदीदारापुढे तो मान तुकवतो. १९८०च्या दशकाअखेरीस भाव पाडण्याची ही चाल ‘गॅझंडरिंग’ म्हणून कुप्रसिद्ध झाली. खरेदीदाराच्या हावेपेक्षा मी कायद्याला दोष देतो: खोट्या साक्षी रोखण्यासाठी १६७७ साली जमिनीच्या व्यवहाराला लेखी पुरावा लागू लागला, तर १९८९ साली दोघांच्या सहीचा लेखी करारच सक्तीचा झाला. भाव ठरताच व्यवहार बांधील केला तर खरेदीदाराला तपासणी आणि कर्जमंजुरीसाठी मोकळीक उरणार नाही, हा आक्षेप रास्तच आहे. पण स्कॉटलंडमध्ये २००८पासून बहुतेक घरांचा तपासणी अहवाल विक्रेताच आधी देतो. भिंतीतली ओल तिथे बोली लावण्यापूर्वीच कळते.