ढालीवरची नावं

जावयाच्या घरी सासऱ्यानं फार दिवस राहू नये, असं आमच्याकडे म्हणतात. पण विमानाचं तिकीट इतकं महाग असतं की आठ दिवसांत परत आलं तर लोक वेड्यात काढतात. म्हणून 2025 च्या मे-जूनमध्ये मी आणि आमची ही, दोघंही फ्रान्समधल्या तुलूज शहरी दोन महिने मुक्काम ठोकून होतो. जावई तिथं विमानांच्या कारखान्यात आहेत. सकाळी ते विमानं करायला गेले आणि मुलगी तिच्या कचेरीत गेली, की मला करण्यासारखं एकच काम उरायचं. खिडकीत बसून राहणं. हे काम मी बँकेत छत्तीस वर्षं केलेलं असल्यामुळे मला ते उत्तम जमतं.

तर त्या खिडकीतून मला एक गोष्ट खटकू लागली. सगळ्या गल्लीत लाल-काळे झेंडे लागले होते आणि समोरच्या एकाच गॅलरीत पिवळा-निळा. त्याच्याखाली एक म्हातारा खुर्ची टाकून असा बसलेला, की जणू डिपॉझिट जप्त होणार हे ठाऊक असलेला अपक्ष उमेदवार. मी जावयांना विचारलं, "निवडणुका आहेत का हो?"

"नाही बाबा, रग्बी आहे," ते म्हणाले. "अंतिम सामना जवळ आलाय."

रग्बी मी पूर्वी पाहिला होता. मुंबईला बदलीवर असताना फोर्टातून जाता-येता जिमखान्याच्या मैदानावर भर पावसात पंधरा-पंधरा दांडगे चिखलात एकमेकांवर पडलेले दिसायचे. मला तेव्हा वाटायचं, कोणाचं तरी पाकीट हरवलंय. नियम आता जावयांनी सांगितले. चेंडू गोल नसतो, सोललेल्या नारळासारखा असतो. आपण पुढं धावायचं, पण चेंडू हातानं द्यायचा तो मागच्यालाच. म्हणजे माणूस पुढं आणि काम मागं. हे म्हटल्यावर खेळ मला एकदम समजला. मी सरकारी फायली पाहिलेल्या आहेत.

रविवारी जावई मला समोरच्या म्हाताऱ्याकडे घेऊन गेले. ते गृहस्थ ऐंशीच्या घरातले, टायरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि मला फ्रेंच. जावई मध्ये दुभाष्या. भिंतीवर एका बक्षिसाचा फोटो होता. लाकडाची जाडजूड फळी, तिच्यावर ठोकलेली पितळी ढाल आणि बाजूनं विजेत्यांच्या नावांच्या पट्ट्या. तो पाहून मी चरकलोच. कारण थेट अशीच ढाल आमच्या तालुक्याच्या हुतुतूच्या सामन्यांना असायची. तिच्यासाठी मी वयाच्या सतराव्या वर्षी गुडघा फोडून घेतला होता आणि तोही राखीव खेळाडू म्हणून, पाणी घेऊन धावताना.

"ब्रेन्यूस," म्हातारबुवा फोटोकडे बोट करून म्हणाले.

फ्रान्सच्या रग्बीचं अजिंक्यपद म्हणजे ही ब्रेन्यूसची ढाल. प्राचीन काळी रोमवर चालून गेलेला ब्रेन्नुस नावाचा एक गॉल सरदार होता. मला वाटलं, आपल्याकडे शिवाजी चषक असतो तशी ही त्याच्या नावाची ढाल असेल. छे! शार्ल ब्रेन्यूस हा ती ढाल कोरणारा कारागीर. म्हणजे भांड्यांच्या दुकानाबाहेर बसून पातेल्यांवर नावं घालून देणारा जो असतो ना, त्याचंच नाव पातेल्याला पडावं, तसं झालं. ढालीची कल्पना दुसऱ्याच एका सद्गृहस्थांची. पिएर द कुबर्तां. हो, तेच ते ऑलिंपिकवाले. आधुनिक ऑलिंपिक 1896 साली भरलं. त्याआधी चार वर्षं, 20 मार्च 1892 रोजी, पॅरिसच्या बागातेल मैदानावर त्यांनी फ्रान्सचं पहिलं राष्ट्रीय रग्बी अजिंक्यपद भरवलं. या राष्ट्रीय स्पर्धेत संघ किती होते? दोन. दोन्ही पॅरिसचे. सामने किती? एक. पहिला तोच शेवटचा. ढाल कुबर्तांची आणि पंचही कुबर्तांच! रेसिंग क्लबनं स्ताद फ्रान्सेला 4-3 असं हरवलं. आमच्या आळीतल्या गणेशोत्सव मंडळात वेशभूषा स्पर्धा अशीच होत असे. फरक एवढाच, की तिथं पंचांचा मुलगाही स्पर्धक असे.

पुढची काही वर्षं पॅरिसवाले आपसातच राष्ट्र-राष्ट्र खेळत राहिले. 1899 साली बोर्दोच्या संघानं ढाल पॅरिसबाहेर नेली आणि मग ती दक्षिणेकडे रमलीच. बोर्दोला दारूच्या व्यापारासाठी आलेले इंग्रज होते, त्यांनी हा खेळ आणला. तिथून तो नैर्ऋत्येच्या गावागावांत असा पसरला, की प्रत्येक गावाला देवळाचा मनोरा एक आणि रग्बीचा संघ एक. आपल्या गावाच्या कडव्या अभिमानाला फ्रेंचांत 'मनोऱ्याची वृत्ती' अशा अर्थाचा शब्दप्रयोगच आहे. आपण त्याला गावकी म्हणतो.

महायुद्ध आलं. 1912 साली तुलूजच्या ज्या संघानं एकही सामना न हरता ढाल जिंकली, त्यातला आल्फ्रेद मेसोनिए 1914 च्या सप्टेंबरातच रणांगणावर पडला. पाच वर्षं ढाल कुणाला दिलीच नाही. वयात न आलेल्या पोरांसाठी 'आशा-चषक' नावाची दुसरी स्पर्धा भरवायचे. नाव वाचून मी जरा वेळ गप्प बसलो.

या सगळ्या इतिहासात मला मनापासून आवडलेलं प्रकरण कियाँचं. कियाँ म्हणजे पिरेनीज पर्वताच्या पायथ्याचं तीनेक हजार वस्तीचं गाव. तिथं झाँ बुरेल नावाचे टोप्यांचे कारखानदार होते. त्या काळी रग्बीत पैसे घेणं हे महापाप; खेळाडूनं हौसेनं हाडं मोडून घ्यायची. बुरेलसाहेबांनी कुणाला पैसे दिलेच नाहीत म्हणे! फक्त पेर्पिन्याँसारख्या मोठ्या शहरांतले चांगले चांगले खेळाडू एकाएकी टोप्यांच्या धंद्यात शिरले. आमच्याकडे नाही का, कबड्डीतला उत्तम चढाईपटू गिरणीत 'फिटर' असायचा आणि पान्याला त्याचा हात लागलेला कुणी पाहिलेला नसायचा? तसंच. 1928 ते 1930 अशी लागोपाठ तीन वर्षं कियाँ अंतिम सामन्यात आलं आणि 1929 साली लेझिन्याँला 11-8 नं हरवून त्यांनी ढाल जिंकली. एका गावानं साऱ्या देशाला टोपी घातली!

पण हसणं इथं थांबतं. गावकी आणि पैसा एका मैदानावर उतरले, की जे होतं ते झालं. 1927 साली कियाँचा गास्ताँ रिव्हिएर सामन्यात झालेल्या दुखापतीनं गेला. 1930 च्या उपांत्य सामन्यात आजें संघाचा मिशेल प्रादिए गेला. तो अठरा वर्षांचा होता. आणि त्याच वर्षी त्याच्या संघानं ढाल जिंकली. ती उचलताना त्यांना काय वाटलं असेल, हे मी म्हाताऱ्यांना विचारायला सांगितलं. जावयांनी ते भाषांतर केलं नाही.

1931 मध्ये इंग्रजांनी आणि त्यांच्या भाऊबंदांनी फ्रान्सशी रग्बीचे संबंधच तोडले. तुम्ही मारामाऱ्या करता आणि चोरून पैसे वाटता, हा आरोप. आरोप खरा होता, हे फ्रेंचही नाकारत नाहीत. 1939 साली समेट झाला तो या अटीवर, की भांडणाचं मूळ असलेलं हे अजिंक्यपदच बंद करा. फ्रेंच 'हो' म्हणाले. मग दुसरं महायुद्ध आलं आणि त्या गडबडीत दिलेला शब्द बहुधा कुठंतरी गहाळ झाला. 1952 मध्ये इंग्रजांनी पुन्हा तीच मागणी केली. पुन्हा 'हो हो' झालं. अजिंक्यपद चालूच! पाहुण्यांच्या आग्रहाला मान डोलवायची आणि घरात आपल्याला हवं तेच करायचं, या बाबतीत फ्रेंच माणूस मला अगदी आपल्यातला वाटला.

पुढं लूर्दचं राज्य आलं. लूर्द म्हणजे त्यांचं पंढरपूर. आजारी माणसं बरी व्हायला तिथं जातात आणि रग्बीवाले दुसऱ्यांना आजारी करायला निघतात. 1948 ते 1968 मध्ये आठ ढाली. शेवटची तर गंमतच. 1968 च्या मे महिन्यातल्या आंदोलनामुळे सामना लांबला, जादा वेळ देऊनही तुलाँबरोबर 9-9 अशी बरोबरी झाली आणि पुन्हा खेळायला तारीखच नव्हती. मग कोणी किती 'ट्राय' केले ते मोजून ढाल लूर्दला दिली. मागून बेझियेनं 1971 ते 1984 या काळात दहा वेळा ती जिंकली. दहाव्या वेळी आजेंशी 21-21 झालं आणि निकाल लागला तो एकेकानं चेंडू ठेवून लाथा मारण्यावर.

1990 चे रेसिंगचे शौकीन गडी गळ्यात गुलाबी बो बांधून अंतिम सामना खेळले आणि मध्यंतरात शँपेन प्याले. वर जिंकले! आमची ही हे ऐकून म्हणाली, "अहो, तुम्ही पाणी नेताना पडलात ना?"

1995 मध्ये पैसे घेणं उघड झालं. 1998 साली संघांची लीग निघाली आणि 2005 पासून वरच्या पायरीवर चौदाच संघ. टोपीवाल्याची जागा मोठ्यांनी घेतली. तुलाँला चित्रकथांच्या एका प्रकाशकानं साक्षात जॉनी विल्किन्सन आणला. 2016 चा अंतिम सामना तर चक्क स्पेनमध्ये, बार्सिलोनाला झाला, 99,124 लोकांसमोर. लूर्द, कियाँ या चौदांत कुठंही नाहीत. एक कास्त्र तेवढं टिकून आहे, चाळीसेक हजार वस्तीचं. 2013 आणि 2018 साली ढाल घरी नेली. मागे कोण? औषधांचा कारखानदार.

एवढं झाल्यावर मी त्या पिवळ्या-निळ्या झेंड्याबद्दल विचारलं. म्हातारबुवा मूळचे क्लेर्माँचे, टायरवाल्यांच्या गावचे. या संघानं 1936 साली पहिला अंतिम सामना खेळला आणि हरला. 1937, हरला. 1970, 1978, 1994, 1999, 2001. त्यानंतर 2007, 2008, 2009 असे लागोपाठ तीन. दहा वेळा अंतिम फेरी, दहा वेळा रिकामे हात. म्हातारबुवा ही सालं आपण नातवंडांची जन्मसालं सांगतो तशी सांगत होते. वडिलांनी पहिले चार पराभव पाहिले आणि ते गेले. अकराव्या खेपेला, 2010 मध्ये, पेर्पिन्याँला 19-6 नं हरवून क्लेर्माँ जिंकलं.

"तेव्हा तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

त्यांनी थोडा विचार केला. जावई म्हणाले, "ते म्हणतायत, घरी आलो आणि बायकोला म्हटलं, आता पुढं काय करायचं?"

28 जूनच्या रात्री आम्ही सगळे त्यांच्याच टीव्हीसमोर बसलो. तुलूज विरुद्ध बोर्दो. ऐंशी मिनिटांनी 33-33. जादा वेळ. शेवटी 39-33, तुलूजची चोविसावी ढाल. बाहेर गाड्यांचे भोंगे सुरू झाले. म्हातारबुवांनी टीव्ही बंद केला आणि आम्हाला सुरईतलं काहीतरी दिलं. ते पाणी नव्हतं.

परत आल्यावर मी गावाकडे चुलतभावाला फोन केला. "दादा, आपली हुतुतूची ढाल कुठंय रे?"

"आहे की," तो म्हणाला. "देवळातल्या रांजणावर झाकण म्हणून आहे. का रे?"

"शेवटचं नाव कुठल्या सालचं आहे?"

तो उठून देवळात गेला असावा. बऱ्याच वेळानं त्याचा फोन आला. "बहात्तर. त्याच्याखाली चार पट्ट्या कोऱ्या आहेत. आणि ऐक, मागच्या बाजूला खिळ्यानं कुणीतरी तुझं नाव कोरलंय."

मी म्हटलं, "असेल कुणीतरी."