नीबोर्ड सर्फिंग : गुडघ्यावर बसून लाट चालवण्याची रीत आणि ज्याची त्याची ढब

सर्फिंग म्हटलं की फळीवर उभा राहून लाट कापणारा माणूस डोळ्यासमोर येतो. मोबाईलवर तेच व्हिडिओ फिरतात. पण याच खेळात गुडघ्यावर बसून लाट चालवणारेही आहेत. त्याला नीबोर्डिंग म्हणतात. मोटरबोटीमागे दोरी धरून, मांड्यांवर पट्टा आवळून खेळतात त्यालाही हेच नाव आहे, पण तो खेळ वेगळा. इथे ना दोरी, ना इंजिन. फक्त लाट.

फळी साधारण साडेपाच ते साडेसहा फुटांची, बऱ्यापैकी रुंद, गुडघ्याखाली मऊ पॅड. पायात पोहण्याचे रबरी फिन्स. पोटावर झोपून हाताने पाणी ओढत, पायाने मारत लाटेचा वेग गाठायचा. लाटेने फळी उचलली की दोन्ही कडा धरून दोन्ही गुडघे एकदम पोटाखाली ओढायचे. एक आधी, एक मागून असं केलं की फळी तिरकी होते आणि नवखा थेट पाण्यात.

बसणं वज्रासनासारखं, फक्त गुडघे फाकलेले. उभा सर्फर पाय पुढे-मागे करून तोल बदलतो. इथे गुडघे जागेवरच राहतात, म्हणून काम कंबरेला आणि खांद्यांना. अंग पुढे झुकवलं की वेग येतो, टाचांवर मागे बसलं की फळीची शेपटी दबते आणि वळण घट्ट होतं. ज्या बाजूला वळायचं त्या बाजूची कड पाण्यात दाबायची, नजर आधी तिकडे न्यायची. अंग खाली असल्याने पोकळ लाटेच्या नळीत शिरणं सोपं जातं. उभ्या माणसाला तिथे वाकावं लागतं, हा आधीच वाकलेला.

मात्र गुडघे पूर्ण दुमडलेले आणि वरून लाटेचे दणके. गुडघ्याचं जुनं दुखणं असलेल्याने या खेळाच्या वाटेला न गेलेलं बरं.

गुडघ्यावर चालवणं म्हणजे उभं राहता न येणाऱ्यांचं काम, असं हिणवणारे पूर्वीपासून आहेत. त्यांना उत्तर म्हणजे जॉर्ज ग्रीनो. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराचा हा माणूस. १९६० च्या दशकात त्याने सुमारे पाच फुटांची, चमच्यासारखी खोलगट फायबरग्लासची फळी बनवली. नाव ठेवलं 'वेलो'. ती नुसती धड तरंगतही नसे, पण वेग आला की उधळायची. वळताना वाकायची आणि सुटताना स्प्रिंगसारखी सरळ व्हायची. खालचं सुकाणू म्हणजे फिन त्याने माशाच्या शेपटीवरून घडवलं, उंच आणि अरुंद.

त्या काळी उभ्याने चालवायच्या फळ्या नऊ फुटांच्या पुढे असत. ग्रीनोची वळणं पाहून ऑस्ट्रेलियाचे बॉब मॅकटॅविश आणि नॅट यंग चाट पडले. १९६६ मध्ये सॅन दिएगोला यंग जगज्जेता झाला, तेव्हा त्याच्या फळीला ग्रीनोच्या धर्तीचं फिन होतं. पुढच्या काही वर्षांत फळ्या झपाट्याने आखूड झाल्या. उभं राहणाऱ्यांचा खेळ बदलला तो या गुडघ्यावरच्या माणसाकडे बघून.

ढब मात्र प्रत्येकाची निराळी. ग्रीनो फळीला चिकटून, लाट फुटते त्या जागेच्या अगदी जवळ राही. सिडनीजवळच्या डी वाय किनाऱ्यावर पीटर क्रॉफर्ड हा नीबोर्डर आणि छायाचित्रकार आक्रमक वळणांसाठी ओळखला गेला. कोणी एका हाताने आतली कड धरून बसतो, कोणी दोन्ही हात मोकळे सोडतो. नवख्याने आधी कड धरून शिकावं. हात सुटायचा तेव्हा आपोआप सुटतो.

ग्रीनो जड कॅमेरा पाठीवर बांधून लाटेच्या नळीत शिरायचा आणि आतलं चित्रण करायचा. १९७३ च्या 'क्रिस्टल व्हॉयेजर' चित्रपटात शेवटी ती दृश्यं पिंक फ्लॉइडच्या संगीतावर दिसतात. स्पर्धांत त्याला रस नव्हता. पुढे तो ऑस्ट्रेलियात बायरन बेच्या भागात जाऊन राहिला.