मोगली, शेरखान आणि आपला वर्ग

स्मरणिकेसाठी लेख दे, असा निरोप आला तेव्हा मी आधी टाळाटाळच केली. मधल्या सुट्टीतला वडापाव, पावसात गळणारा वर्ग, पी.टी.च्या तासाला मिळालेल्या शिक्षा, या आठवणी आपल्यातले इतर जण माझ्यापेक्षा छान लिहितील. मी आयुष्यभर प्रोग्रॅम लिहिले, लेख नाही. तेव्हा मी एका कार्टूनबद्दल लिहायचं ठरवलं आहे. हसू नका. निवडणुका सोडल्या तर आपल्या बॅचच्या ग्रुपवर सर्वांत मोठे वाद कशावरून झाले, ते आठवून पाहा. मोगलीवरून. एकदा २०१६ मध्ये, एकदा २०१८ मध्ये आणि तिसऱ्यांदा २०२० च्या टाळेबंदीत. त्या तिसऱ्या वेळी जे झालं, त्यासाठी खरं तर हा लेख आहे. पण आधी इतिहास.

१९९३ साली आपण पाचवी-सहावीत होतो. घोडबंदर रोड तेव्हा आजच्यासारखा नव्हता. उड्डाणपूल नव्हते, मेट्रोचे खांब नव्हते, मॉल नव्हते. गुजरातकडे जाणारे ट्रक, खडीच्या खाणींची धूळ, तासातासाने येणारी टीएमटी आणि एका बाजूला सतत दिसणारा येऊरचा डोंगर. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली ही तेव्हा खरोखर गावं होती, बिल्डरच्या जाहिरातीतले पत्ते नव्हते. रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'द जंगल बुक' लागायचं. आमच्या चाळीत दोनच टीव्ही होते, त्यातला एक रंगीत. पुढच्या रांगेत बसायचं असेल तर अंघोळ करून आलं पाहिजे, अशी त्या घरच्या काकूंची अट होती. गुलजारांचे शब्द आणि विशाल भारद्वाजांची चाल असलेलं ते शीर्षकगीत सुरू झालं की 'चड्डी' हा शब्द टीव्हीवर मोठ्याने म्हटला जातोय याचाच आम्हाला केवढा आनंद व्हायचा! आणि शेरखान बोलायला लागला की खोली गप्प. तो आवाज नाना पाटेकरांचा होता. मुरूड-जंजिऱ्याचा आपला माणूस असा हळू आवाजात धमकी देतो, की पंधरा मुलं एकमेकांना चिकटून बसतात.

ते कार्टून आपण 'आपलं' मानलं. ते किती 'आपलं' होतं ते मला फार उशिरा कळलं. मालिका जपानी होती. निप्पॉन ॲनिमेशन या कंपनीने ती केली, ऑक्टोबर १९८९ ते ऑक्टोबर १९९० या काळात ती तिकडे दाखवली गेली आणि तिचे एकूण ५२ भाग होते. मोगलीच्या हातातलं बूमरँग मूळ पुस्तकात नाही. किची नावाचा तो लाल पांडाही नाही. लाल पांडा हिमालयात राहतो, मध्य भारताच्या साग-बांबूच्या रानात नाही. मूळ पुस्तक १८९४ चं, रुडयार्ड किपलिंगचं. किपलिंगचा जन्म १८६५ साली मुंबईत, जे.जे. कला शाळेच्या आवारात झाला. त्याचे वडील तिथे शिकवत. पाच वर्षांचा असताना त्याला इंग्लंडला पाठवलं. मोगलीच्या गोष्टी त्याने लिहिल्या त्या अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये, बर्फात बसून. ज्या सिवनीच्या जंगलात त्या घडतात तिथे तो कधी गेलाच नव्हता. दुसऱ्यांची वर्णनं वाचून त्याने ते रान उभं केलं. आज त्या भागात पेंचचं अभयारण्य आहे आणि त्याचा एक हिस्सा आपल्या नागपूर जिल्ह्यात येतो.

म्हणजे मुंबईत जन्मलेल्या इंग्रजाने अमेरिकेत बसून लिहिलेली, मध्य प्रदेशात घडणारी, जपानमध्ये चितारलेली आणि हिंदीत बोलणारी गोष्ट आपण घोडबंदर रोडवर पाहिली आणि म्हणालो, हीच खरी. त्याआधी १९६७ मध्ये डिस्नेने चित्रपट केला होता, तो आपल्यापैकी फार कुणी पाहिला नव्हता. त्यामुळे आपल्या दृष्टीने पहिला मोगली १९९३ चा. नंतर आलेले सगळे नकली.

आता २०१६ चा वाद. जॉन फॅवरो यांनी दिग्दर्शित केलेला डिस्नेचा नवा 'जंगल बुक' भारतात ८ एप्रिलला लागला, अमेरिकेच्या एक आठवडा आधी. माझ्या व्यवसायामुळे मला त्यातलं तंत्र पाहायचं होतं. पडद्यावर खरा माणूस जवळजवळ एकच, नील सेठी हा मुलगा. बाकी प्राणी, झाडं, पाणी बहुतेक सगळं संगणकावर केलेलं, आणि चित्रीकरण लॉस एंजेलिस शहरात. पुढच्या वर्षी दृश्य परिणामांचं ऑस्कर त्यालाच मिळालं. पण आपल्या ग्रुपवर तंत्राबद्दल एक अक्षर नव्हतं. सगळ्यांचा प्रश्न एकच: शेरखानला आवाज कुणाचा?

गंमत म्हणजे हे कंपनीलाही ठाऊक होतं. हिंदी आवृत्तीत बघीरा ओम पुरी, बल्लू इरफान खान, का प्रियांका चोप्रा अशी मोठी नावं होती; पण शेरखानसाठी २३ वर्षांनी पुन्हा नाना पाटेकरच. जुनं गाणंही प्रसिद्धीसाठी नव्याने करून घेतलं, त्याच गुलजार-भारद्वाज जोडीकडून. चाहत्यांच्या आठवणीला एवढा मान परदेशी कंपनीने क्वचितच दिला असेल. चित्रपटाने तेव्हापर्यंतच्या सगळ्या हॉलिवूडपटांना भारतात कमाईत मागे टाकलं, त्यात आपल्या पिढीने मुलांना नेण्याच्या निमित्ताने स्वतःसाठी काढलेल्या तिकिटांचा वाटा नक्की असणार. सेन्सॉर बोर्डाने थ्रीडीतले प्राणी मुलांना घाबरवतील म्हणून 'यू/ए' प्रमाणपत्र दिलं, त्यावरही आपण खूप हसलो. आपण तर चाळीत, चौदा इंची टीव्हीसमोर घाबरलो होतो.

तरीही तक्रारी होत्याच. किची कुठे आहे? बूमरँग कुठे आहे? का अजगर दुष्ट का? या शेवटच्या तक्रारीत तथ्य होतं. पुस्तकात का हा मोगलीचा मित्र आहे, माकडांच्या तावडीतून त्याला सोडवायला तो मदत करतो. त्याला खलनायक केलं ते डिस्नेने, १९६७ मध्ये. आपली जपानी मालिका या बाबतीत किपलिंगच्या जास्त जवळ होती. म्हणजे 'आमचंच खरं' म्हणणारे आपण निदान एका मुद्द्यावर चुकून बरोबर निघालो.

दुसरी फेरी डिसेंबर २०१८ ची. अँडी सर्किस यांचा 'मोगली' नेटफ्लिक्सवर आला. हिंदीत शेरखान झाले जॅकी श्रॉफ. चित्रपट अंधारा, गंभीर, जखमा दाखवणारा. ग्रुपवर एकाने लिहिलं, "नाना नाहीत तर शेरखान नाही." पंचवीस अंगठे. विषय संपला. या चित्रपटातल्या मोगलीला लांडगेही पूर्ण आपला मानत नाहीत आणि गावही मानत नाही, हे दुःख पुस्तकातलंच आहे. तेव्हा मात्र त्याबद्दल कुणी बोललं नाही. मीही नाही.

मग आली टाळेबंदी. २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवायला घेतलं, तेव्हा लोकांनी जुन्या मालिकांची मागणी लावून धरली. आणि ८ एप्रिलपासून दुपारी एक वाजता आपलं 'जंगल बुक' परत आलं. तारीख तीच, २०१६ ची. या वेळी नवा अवतार नाही, जसंच्या तसं जुनं. आता तरी सगळे खूश व्हायला हवे होते. झालेही. पहिल्या दिवशी ग्रुपवर दोनशे निरोप असतील. टीव्हीचे फोटो, मुलांचे फोटो, रडणारे चेहरे. माझी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. ती दहा मिनिटं बसली आणि म्हणाली, "आई, हे किती हळू आहे गं!" मला राग आला, मग पाहिलं तर खरंच हळू होतं.

त्याच दुपारी कुणीतरी आपल्या सातवीच्या गॅदरिंगचा फोटो टाकला. रंगमंचावर पुठ्ठ्याची झाडं, पिवळ्या चादरीतला शेरखान आणि मध्ये मोगली. खाली लिहिलं होतं, "आपला ओरिजिनल मोगली!" हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. संध्याकाळी त्या मोगलीचा, आपल्या वर्गमित्राचा, एकच निरोप आला: "तुम्हाला ते कार्टून आठवतं. मला तुम्ही ठेवलेलं नाव आठवतं." आणि तो ग्रुपमधून बाहेर पडला.

काहींनी लिहिलं, एवढं मनाला लावून घ्यायचं कशाला, गंमत होती. मी काहीच लिहिलं नाही. कारण ते नाटक मी लिहिलं होतं.

आपल्याला आठवत असेल, तो येऊरच्या डोंगरातल्या पाड्यावरून चालत शाळेत यायचा. वारली घरातला. भूमिका वाटताना मीच म्हणाले होते, "त्याला घ्या, मेकअपसुद्धा लागणार नाही." वर्ग हसला, तोही हसला. नाटक छान झालं, बाईंनी कौतुक केलं, टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवसापासून दहावीच्या शेवटच्या पेपरपर्यंत त्याला त्याच्या नावाने कुणी हाक मारली नाही.

त्या नाटकाच्या तालमीत तो एकदा मला म्हणाला होता, शेवटी शेरखानला मारू नको. आमच्याकडे वाघाला मारत नाहीत, वाघोबा देव आहे. लाकडावर किंवा दगडावर वाघ कोरतात, वर चंद्र-सूर्य काढतात, शेंदूर लावतात. दिवाळीच्या सुमारास वाघबारस असते. मी म्हटलं होतं, अरे, कार्टूनमध्ये असं काही नाही. जपानमध्ये काढलेलं जंगल मला खरं वाटत होतं, आणि खिडकीतून दिसणाऱ्या डोंगरातला मुलगा सांगत होता ते ऐकायची गरज वाटत नव्हती. आपण रोज 'वाघबीळ' असं नाव लिहिलेल्या थांब्यावर बसची वाट पाहायचो. हे नाव कुठून आलं असेल, असं मला एकदाही वाटलं नाही. आपल्या डोंगरात आज पट्टेरी वाघ नाही, बिबट्या आहे. म्हणजे शेरखान नाही, बघीरा. काळा बिबट्या हा बिबट्याच असतो, फक्त रंग वेगळा. २० फेब्रुवारी २०१९ ला सकाळी कोरम मॉलमध्ये बिबट्या शिरला, तेव्हा सगळं ठाणे दचकलं. पाड्यावरच्या लोकांना त्यात नवल काय वाटलं असेल!

मला त्याला फोन करायला त्या दिवसानंतर आठ महिने लागले. तो एका कंपनीत इलेक्ट्रिशियन आहे, राहायला अजून पाड्यावरच. मी माफी मागितली. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मला ते कार्टून तुमच्याइतकंच आवडायचं गं. खाली एका घराच्या खिडकीतून बघायचो. म्हणून तर जास्त लागलं." मी निरुत्तर झाले. पुढे तो म्हणाला, एप्रिलमध्ये त्याच्या मुलानेही ते पाहिलं, आणि त्याला आवडला तो शेरखान.

माझ्या कामात 'रीबूट' हा रोजचा शब्द. यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं की तात्पुरती स्मृती पुसली जाते. डिस्कवर लिहिलेलं मात्र तसंच राहतं. नव्या मोगलीवर आपण चिडलो, कारण आपल्या डिस्कवरचा रविवार कुणीतरी बदलतंय असं वाटलं. ते चिडणं मला आजही खोटं वाटत नाही. पण त्याच वर्गात बसलेल्या एका मुलाच्या डिस्कवर त्याच कार्टूनचं काय लिहिलं गेलं होतं, हे आपण सत्तावीस वर्षांत विचारलं नाही. आपण जतन करत होतो ते आपल्यापुरतं.

आज येऊरच्या डोंगराखालून बोरिवलीपर्यंत जुळा बोगदा खणतायत. आपल्यातले बरेच जण आता त्या डोंगराकडे तोंड असलेल्या उंच इमारतींत राहतात, आणि विकणाऱ्याने त्या दृश्याचे जास्तीचे पैसे घेतलेले असतात. तिथे राहणाऱ्यांची नावं आपल्याला माहीत असावीत, इतकं तरी मला वाटतं.

गॅदरिंगचा तो फोटो या स्मरणिकेत छापायचा समितीने ठरवलं, तेव्हा मी त्याला विचारून घेतलं. तो म्हणाला, छापा, पण खाली नीट लिहा. तसं लिहिलं आहे. फोटोखाली त्याचं पूर्ण नाव आहे, वडिलांच्या नावासह, हजेरीपटात होतं तसं. मेळाव्याला येईन म्हणालाय, कामाची पाळी बदलून मिळाली तर. आला, तर त्याच नावाने हाक मारा.

— दहावी 'ब', १९९८