नाझरेथची गिटारपेढी : मार्टिन घराण्याची वाटचाल

गिटार बनवण्याचा अधिकार कोणाचा, सुतारांचा की व्हायोलिनकारांचा, या भांडणात या पेढीचे मूळ आहे. सॅक्सनीतील मार्कनॉयकिर्शेन हे पिढ्यान्‌पिढ्या वाद्ये घडवणारे गाव. तेथे ३१ जानेवारी १७९६ रोजी एका सुताराच्या घरी क्रिस्टियान फ्रेडरिक मार्टिन यांचा जन्म झाला. ते व्हिएन्नाला गेले आणि योहान स्टाउफर या नामवंत गिटारकाराच्या हाताखाली तयार झाले. गावी परतले ते कज्जा सुरू असतानाच. व्हायोलिनकारांचा संघ १६७७ पासूनचा, मानाचा. गिटार हे तुलनेने नवे वाद्य; तेही आपल्याच अखत्यारीत येते, सुतारांनी त्याला हात लावू नये, असे संघाचे म्हणणे होते. १८२६ मध्ये आणि पुन्हा १८३२ मध्ये हा वाद अधिकाऱ्यांपुढे गेला. कौल सुतारांच्या बाजूने लागला. पण ज्या गावात प्रत्येक वाद्यासाठी परवानगीची लढाई लढावी लागते तेथे उमेद कशी टिकणार? १८३३ मध्ये मार्टिन यांनी पत्नी ओटिली आणि मुलांसह अमेरिकेची वाट धरली.

न्यूयॉर्कमध्ये १९६, हडसन स्ट्रीट या पत्त्यावर त्यांनी दुकान थाटले. पुढच्या दालनात तारा, स्वरलिपीची पुस्तके, युरोपातून आणलेली वाद्ये आणि मागे गिटारीचे काम, अशी मांडणी होती. नव्या मुलखात रोख पैसा दुर्मीळ होता. गिटारीच्या मोबदल्यात कधी दारूच्या बाटल्यांची पेटी, कधी मुलांचे कपडे घेतल्याच्याही नोंदी आहेत. या नोंदवह्या आणि पत्रव्यवहार घराण्याने जपून ठेवला. अमेरिकेतील आरंभीच्या गिटारींविषयी अभ्यासकांना आज जे ठाऊक आहे, त्यातील मोठा भाग या कागदांतूनच आला आहे.

शहर मार्टिन कुटुंबाला मानवले नाही. त्यांचे मित्र आणि सहकारी हेन्री शॅट्झ आधीच पेनसिल्व्हेनियातील नाझरेथ परिसरात स्थायिक झाले होते. मोरावियन पंथीयांनी वसवलेल्या त्या गावची भाषा जर्मन, वळण शिस्तीचे, भोवती डोंगर आणि शेती. १८३८ मध्ये दुकानातील माल विकून कुटुंबाने तिकडे जागा घेतली आणि पेढी कायमची नाझरेथची झाली. गंमत अशी, की पुढची जवळजवळ साठ वर्षे गिटारीवर शिक्का न्यूयॉर्कचाच उमटत राहिला. माल तेथून विकला जाई आणि खेड्याच्या नावापेक्षा शहराच्या नावाला बाजारात वजन होते.

नाझरेथच्या पहिल्या काही वर्षांतच पेढीचे सर्वांत मोठे काम झाले. सुरुवातीच्या मार्टिन गिटारी स्टाउफर पद्धतीच्या होत्या. सहाही खुंट्या डोक्याच्या एका बाजूला. हळूहळू ते वळण मागे पडले, अमेरिकेत आलेल्या स्पॅनिश वादकांच्या वाद्यांचा प्रभाव पडला आणि १८४०च्या दशकात तबलीच्या आतील आधारपट्ट्यांची नवी मांडणी आकाराला आली. गिटारीची तबली म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची स्प्रूसची फळी. जाड ठेवली तर आवाज दबतो. पातळ केली तर तारांच्या ओढीने घोडीमागे फुगते आणि घोडीपुढे खचते. मार्टिन यांनी दोन मुख्य पट्ट्या फुलीसारख्या एकमेकींना छेदून बसवल्या. ताण दोन्हीकडे वाटला गेला आणि मधली फळी थरथरायला मोकळी राहिली. त्या काळी गिटारीला आतड्याच्या ताती लावत आणि त्यांचा ताण बेताचा असे. फुलीच्या मांडणीचे खरे मोल उमगले ते ऐंशी वर्षांनी, पोलादी तारा आल्यावर. सहा पोलादी तारांचा एकत्रित ताण सत्तर किलोंच्या घरात जातो. आज जगभर विकल्या जाणाऱ्या पोलादी तारांच्या बहुतेक गिटारींत हीच मांडणी असते, मग त्यांच्यावर नाव कोणाचेही असो.

१८५०च्या दशकात आकार आणि घाट यांना ठरावीक क्रमांक मिळाले. १८, २८ असे हे क्रमांक मूळच्या घाऊक किमतींवरून पडले, असे मानले जाते. किमती केव्हाच बदलल्या, क्रमांक राहिले. १८ म्हणजे मागची व बाजूची फळी महोगनीची आणि २८ म्हणजे शिसवाची, हा संकेत पुढे रूढ झाला. १८५९ मध्ये नॉर्थ स्ट्रीटवर कारखाना उभा राहिला. १८६७ मध्ये मुलगा सी. एफ. ज्युनियर आणि भाचे सी. एफ. हार्टमान भागीदार झाले आणि ‘सी. एफ. मार्टिन अँड कंपनी’ हे नाव पडले. संस्थापक १८७३ मध्ये निवर्तले. मुलालाही दीर्घायुष्य लाभले नाही. १८८८ मध्ये सारा भार अवघ्या बावीस वर्षांच्या नातवावर, फ्रँक हेन्री मार्टिन यांच्यावर आला.

फ्रँक हेन्री यांची कारकीर्द ही या पेढीची खरी कसोटी होती. इटालियन स्थलांतरितांमुळे मँडोलिनला मागणी वाढली होती आणि त्यांना ते वाद्य करायचे होते. न्यूयॉर्कचे जुने वितरक झोबिश यांना ते रुचले नाही. अनेक दशकांचा संबंध तोडणे सोपे नव्हते, पण १८९८ मध्ये फ्रँक हेन्री यांनी वितरण आपल्या हाती घेतले. त्याच वर्षी शिक्क्यावर नाझरेथ आले आणि प्रत्येक गिटारीला अनुक्रमांक देणे सुरू झाले. आधी किती वाद्ये बनली असावीत याचा अंदाज बांधून आठ हजारांच्या आसपास मोजणीला सुरुवात झाली. १९०४च्या सूचीत फ्रँक हेन्री यांनी आपली भूमिका मांडली. तिचा आशय असा, की चांगल्या आवाजाची गिटार घडवण्यात गुपित काही नाही. लाकूड निवडताना काळजी लागते, जोडणी करताना संयम लागतो, आणि त्या संयमाची किंमत गिऱ्हाईकाने मोजावी लागते. गिटार घेताना आधी किंमत पाहावी की आवाज, या नेहमीच्या प्रश्नाला याहून सरळ उत्तर क्वचितच कोणी दिले असेल.

सारे प्रयोग साधले असे नाही. १९०७ च्या सुमारास केलेली युकुलेली फसली. गिटारीच्या सवयीने आत आधार जास्त दिला गेला आणि आवाज बसला. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को प्रदर्शनानंतर हवाईच्या संगीताची लाट उसळली. आता आधार कमी करून, महोगनी वापरून पुन्हा प्रयत्न झाला आणि तो असा फळला, की १९२०च्या दशकात युकुलेलीने पेढीला तारले, कारखानाही वाढवावा लागला. याच काळात ताती जाऊन पोलादी तारा आल्या.

मग मंदी आली. कामाचे दिवस आठवड्याला तीनवर आले, वेतने घटली. कारागीर घरी बसू नयेत म्हणून दुसऱ्यांसाठी व्हायोलिनचे भाग केले, लाकडी दागिनेही करून पाहिले. आणि याच ओढगस्तीच्या वर्षांत पेढीने आपली सर्वोत्तम वाद्ये घडवली, हे वाद्यप्रेमींत सर्वमान्य आहे. पेरी बेक्टेल या बँजोवादकाला लांब दांडीची गिटार हवी होती. बाराव्या पडद्याऐवजी चौदाव्या पडद्याशी दांडी खोडाला मिळेल असे ‘ओएम’ वाद्य १९२९ मध्ये त्यांच्यासाठी झाले. पुढे सगळ्या अमेरिकेने हा चौदा पडद्यांचा घाट उचलला. रुंद कमरेची ‘ड्रेडनॉट’ १९१६ मध्ये बॉस्टनच्या ऑलिव्हर डिट्सन कंपनीसाठी प्रथम केली होती. नाव ब्रिटिश युद्धनौकेवरून घेतले होते. १९३१ पासून मार्टिनने ती स्वतःच्या नावाने विकायला काढली. डी-१८ आणि डी-२८ ही तिची दोन रूपे. १९३३ मध्ये गायक-नट जीन ऑट्री यांनी सांगून करवून घेतलेल्या शिंपल्यांच्या नक्षीकामाच्या गिटारीतून डी-४५ जन्मली. १९४२ पर्यंत तिची फक्त ९१ वाद्ये बनली.

युद्धाने धातूवर बंधने आणली. दांडीतील पोलादी आधाराच्या जागी अबनूस घालावे लागले. १९४४ च्या अखेरीस आधारपट्ट्या तासून खोलगट करण्याची पद्धत बंद झाली. गिऱ्हाइके जाड तारा लावत होती, तबल्या फुगत होत्या आणि दुरुस्तीसाठी वाद्ये परत येत होती. निर्णय व्यवहाराचा होता आणि त्यात आवाजाचे नुकसान झाले. १९४५ पूर्वीची डी-२८ आज ज्या किमतीला जाते, त्याचे एक कारण हेच.

फ्रँक हेन्री १९४८ मध्ये गेले आणि सी. एफ. मार्टिन (तिसरे) धुरा सांभाळू लागले. लोकगीतांच्या पुनरुज्जीवनाने मागणी इतकी वाढली, की साठच्या दशकात गिऱ्हाइकाला गिटारीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. १९६४ मध्ये सिकॅमोर स्ट्रीटवर नवा, प्रशस्त कारखाना झाला. १९६८ मध्ये डी-४५ पुन्हा सुरू झाली. तिच्या नक्षीकामासाठी माइक लाँगवर्थ यांना आणले गेले. पुढे पेढीचा इतिहास लिहिण्याचे कामही त्यांनीच केले.

याच सुमारास भारताशी थेट संबंध जुळला. ब्राझीलने आपल्या शिसवाचे ओंडके बाहेर जाऊ देण्यावर निर्बंध घातले, तेव्हा १९६९ मध्ये मार्टिनने नेहमीच्या वाद्यांसाठी भारतीय शिसव घेतले. सह्याद्रीच्या उतारांवर वाढणारे हे झाड मराठी घरांना पलंग, पाळणे आणि देव्हाऱ्यांमुळे ओळखीचे. सुरुवातीला जाणकारांनी नाके मुरडली. ब्राझीलचे लाकूड दुर्मीळ असल्याने त्याची किंमत अजूनही चढी आहे. पण १९६९ नंतरची सर्वसाधारण डी-२८ ही भारतीय शिसवाचीच गिटार आहे आणि तिच्या आवाजाला आता कमीपणा कोणी देत नाही. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय करारान्वये शिसवाच्या संपूर्ण कुळावर परवान्यांचे बंधन आले. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली.

वाढीच्या वर्षांतच घसरणीची बीजे होती. १९७१ मध्ये एका वर्षात २२ हजारांहून अधिक गिटारी बाहेर पडल्या. मागणी पुरवण्याच्या घाईत काही भाग सोपे केले गेले. तबलीच्या आत घोडीखाली मेपलची लहान चकती असे, तिच्या जागी शिसवाची मोठी चकती आली आणि आवाज जड झाला. सी. एफ. मार्टिन (तिसरे) यांचे पुत्र फ्रँक हर्बर्ट मार्टिन यांच्या काळात बँजो, तारा, ड्रम, अगदी स्वीडनमधील गिटार कारखाना, असे उद्योग विकत घेतले गेले. त्यांतले बरेचसे आतबट्ट्याचे ठरले. १९७७ मध्ये कामगारांचा दीर्घ संप झाला. लोकांचा कान डिस्को आणि सिंथेसायझरकडे वळला. १९८२ मध्ये उत्पादन सुमारे तीन हजारांवर आले. पेढी बंद पडते की काय, अशी ती वेळ होती.

सावरण्याची सुरुवात मात्र त्याआधीच, कारखान्याच्या आतून झाली होती. १९७६ मध्ये एचडी-२८ या वाद्यात तासलेल्या आधारपट्ट्या परतल्या. जुनी वाद्ये उघडून, मोजून त्यांचा घाट पुन्हा उभा केला गेला. १९७९ मध्ये गिऱ्हाइकाच्या मागणीनुसार वाद्य करून देणारा विभाग निघाला. १९८५ मध्ये दांडीत फिरवून जुळवता येणारी सळई आली. ही सुधारणा मार्टिनने इतरांच्या मानाने फार उशिरा केली, हेही नोंदवायला हवे. १९८६ मध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी, सी. एफ. मार्टिन (तिसरे) गेले आणि त्यांचे नातू ख्रिस मार्टिन (चौथे) तिशीच्या उंबरठ्यावर प्रमुख झाले. त्यांनी पसारा आवरला. १९९० मध्ये पाच लाखावी गिटार पूर्ण झाली, तेव्हा तिच्यावर सही कोणा एकाची नव्हती. कारखान्यातील सर्व कामगारांनी तिच्यावर आपली नावे लिहिली.

१९९२ मध्ये एरिक क्लॅप्टन यांनी एमटीव्हीच्या ‘अनप्लग्ड’ कार्यक्रमात १९३९ ची ०००-४२ वाजवली आणि विस्मरणात गेलेल्या लहान घाटाच्या गिटारींना पुन्हा दिवस आले. १९९५ मध्ये त्यांच्या नावाची ०००-४२ईसी निघाली; तिची ४६१ वाद्ये बनली. दुसरीकडे, नवशिक्याच्या खिशाला परवडावे म्हणून मेक्सिकोतील नाव्होहोआ येथे कारखाना आला. तेथे दाबलेल्या कागदी थरांच्या पृष्ठाची वाद्येही होऊ लागली. जुन्या चाहत्यांना ती पटली नाहीत. तरीही ज्याला पावसाळी हवेत, प्रवासात वाद्य वागवायचे आहे त्याला ती भरवशाची ठरली, हा अनुभव त्या टीकेला पुरून उरला.

दहा लाखावी गिटार २००४ मध्ये आणि वीस लाखावी २०१७ मध्ये तयार झाली. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने संस्थापकांच्या वाद्यांचे प्रदर्शन भरवले. २०२१ मध्ये थॉमस रिप्सम मुख्याधिकारी झाले. घराण्याबाहेरची व्यक्ती प्रथमच या पदावर आली. मालकी घराण्याकडेच आहे आणि ख्रिस मार्टिन कार्यकारी अध्यक्ष आहेत. सिकॅमोर स्ट्रीटच्या कारखान्यात यंत्रे आणि संगणक आले आहेत. तरीही आधारपट्ट्या शेवटी हाताच्या पटाशीनेच तासल्या जातात.

कारखान्याशेजारी पेढीचे संग्रहालय आहे आणि पाहुण्यांना कामही पाहता येते. ज्यांच्या हाती एखादी जुनी मार्टिन येईल, त्यांनी ध्वनिछिद्रातून आत, दांडीच्या मुळाशी असलेल्या ठोकळ्याकडे पाहावे. तेथे कोरलेल्या अनुक्रमांकावरून वाद्य कोणत्या वर्षी बनले ते पेढीने प्रसिद्ध केलेल्या तक्त्यात सापडते. १८९८ पूर्वीच्या वाद्यावर हा क्रमांक नसतो.