ऐदरूस

अरबी पुरुषनाम, कुलनाम म्हणूनही रूढ. रूपभेद : एदरूस, इद्रूस, पूर्व आफ्रिकेत ऐदारूसी. भारतात हे नाव जिथे आढळते, तिथे त्याचा माग बहुधा हद्रमौतच्या सय्यद घराण्यांकडे जातो.

मुळात ही एकाच माणसाची उपाधी. दक्षिण अरबस्तानातील हद्रमौतमधल्या तरीम गावचे सूफी सय्यद अब्दुल्ला (१४०८–१४६१) ऐदरूस म्हणून ओळखले जात. सिंहाचे विशेषण, झडप घालून घट्ट धरणारा, असा त्याचा अर्थ परंपरेने सांगतात. त्यांचे पुत्र अबू बक्र (मृत्यू १५०८) एडनचे संत म्हणून पूजले गेले आणि उपाधीचे आडनाव झाले. पुढे संताच्या नावाने मुलांची नावे ठेवण्याच्या रिवाजामुळे ते व्यक्तिनाम म्हणूनही चालू लागले. इद्रीस या प्रेषिताच्या नावाशी त्याची सर्रास गल्लत होते. ही दोन्ही नावे वेगळी आहेत : ऐदरूसचा आरंभ घशातून निघणाऱ्या ‘ऐन’ या वर्णाने होतो, इद्रीसचा ‘अलिफ’ने. देवनागरीत हा भेद उरत नाही, म्हणून ‘इद्रूस’पेक्षा ‘ऐदरूस’ हेच लेखन बरे.

हे नाव हिंदुस्थानात रुजले ते गुजरातेत. शेख बिन अब्दुल्ला ऐदरूस सोळाव्या शतकाच्या मध्यास अहमदाबादेत स्थायिक झाले. घराण्याची एक शाखा सुरतेस आली, आणि तिथेच या नावाला खरा मान मिळाला. सुरत हे मुघल साम्राज्याचे हजचे बंदर. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोखा-जेद्द्याकडे जहाजे सुटत आणि पावसाळी वाऱ्यांवर परतत. त्याच वाटेने तरीमचे विद्वान, पत्रे आणि ग्रंथ येत-जात. सुरतेच्या सय्यदपुऱ्यातील ऐदरूसांच्या नावाची मशीद १६३९ सालची. ती झाहिद बेग यांनी बांधल्याचे सांगतात आणि तिचा मिनार शहरात दुरून नजरेत भरे. याच सुरतेत जाफर सादिक ऐदरूस (मृत्यू १६५३) यांनी मुघल शाहजादा दारा शुकोहचा फार्सी संतचरित्रग्रंथ ‘सफीनत-उल-औलिया’ अरबीत नेला. हिंदुस्थानातील संतांची चरित्रे अरबी वाचकांपुढे ठेवणारे हे काम घराण्याच्या कीर्तीत अग्रस्थानी ठेवायला हवे. बंदराच्या इतिहासात मात्र व्यापाऱ्यांचीच नावे पुढे येतात.

हेच नाव समुद्रमार्गे इतरत्रही पोहोचले. स्वाहिलीतील जुने काव्य ‘हम्झिया’ ऐदारूसी नावाच्या कवीचे. इंडोनेशियाचे कथाकार इद्रूस (१९२१–१९७९) विसाव्या शतकातले.

मराठवाड्याला हे नाव वेगळ्याच संदर्भात परिचित आहे. हैदराबाद संस्थानाचे सेनापती मेजर जनरल सय्यद अहमद अल् एदरूस यांनी १८ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय लष्कराचे मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. मुक्तिसंग्रामाच्या मराठी लेखनात ते ‘एल एद्रूस’ असे इंग्रजी वळणाने येतात. त्यामुळे हद्रमौतचे हेच नाव तिथे सहज ओळखू येत नाही.