मापाड्याची मोजणी आणि मनाचे लक्ष

मनाच्या एकाग्रतेवर बोलावयास कामगार संघटनेचा माणूस कशाला उभा राहिला, असे शिरूर-दौंडच्या काही श्रोत्यांच्या मनात आले असेल. आम्ही मानसशास्त्राचे पदवीधर नव्हे. जे वाचले ते पाळी सुटल्यावर. परंतु हा विषय मुळातच कष्टकऱ्यांच्या अंगणातला आहे.

पाचव्या शतकात बुद्धघोषाने सिंहलद्वीपात ‘विशुद्धिमार्ग’ हा पाली ग्रंथ रचला. श्वासावर चित्त कसे ठेवावे हे सांगताना त्याने दाखला घेतला तो धान्य मोजणाऱ्याचा. माप ओतून दुसरे भरेपर्यंत तो जसा तोच आकडा पुनःपुन्हा म्हणतो, तसा प्रथम श्वास सावकाश मोजावा. (आपल्याकडे पहिल्या मापाला ‘लाभ’ म्हणण्याची रीत होती, ती वडीलधाऱ्यांना आठवेल.) पुढे गाई मोजणाऱ्या गुराख्याप्रमाणे भरभर मोजावा. पाचाच्या आत थांबू नये, कारण कोंडलेल्या गुरांप्रमाणे मन बिथरते. दहापुढे जाऊ नये, कारण मग मन श्वास सोडून आकड्यालाच चिकटते. मनाची एवढी बारीक पारख, आणि तीही मापाड्याच्या भाषेत!

हा ग्रंथ संपादण्याच्या कामासाठी गोव्यातील सांखवाळचे धर्मानंद कोसंबी 1910 साली अमेरिकेत हार्वर्डला गेले. ज्ञानासाठी घर सोडून पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश पालथे घातलेला हा माणूस. पुढे फर्ग्युसनमध्ये पाली शिकवली. परंतु आम्हांस त्यांचे खरे मोठेपण दिसते ते 1937 साली परळला गिरणी कामगारांच्या वस्तीत उभारलेल्या बहुजन विहारात. 1947 साली ते वारले. हार्वर्डच्या मालेत ग्रंथ निघाला तो 1950 साली.

त्याच हार्वर्डमध्ये विल्यम जेम्स यांनी मानसशास्त्र शिकविले होते. भटकलेले लक्ष वारंवार माघारी आणण्याची ताकद हेच चारित्र्याचे मूळ, असे त्यांनी 1890 च्या ग्रंथात मांडले. 1979 साली अमेरिकेतच जॉन कबात-झिन यांनी जुनाट दुखण्याच्या रोग्यांसाठी हीच साधना इस्पितळात आणली, आणि तेथून ती कारखान्यांत शिरली.

दौंडवरून जाणाऱ्या गाडीचा चालक आणि त्याचा सहायक सिग्नल दिसताच तो एकमेकांना मोठ्याने सांगतात. हीदेखील लक्षाची साधनाच. परंतु लक्षाला मर्यादा आहे. इंग्लंडात नॉर्मन मॅकवर्थ यांनी 1948 साली दाखविले की, एकसुरी पहाऱ्यावरच्या माणसाची नजर अर्ध्या तासातच चुका करू लागते. तेथे उपाय विश्रांतीचा, उपदेशाचा नव्हे.

आमच्या भागातील एका कारखान्यात आम्ही बारा तासांची पाळी कमी करा म्हणून अर्ज दिला, तेव्हा मालकांनी मनःशांतीचे शिबिर भरविले. रात्रपाळी करून आलेली पोरे ओळीने बसली, सांगितल्याबरोबर डोळे मिटले, आणि तिसऱ्या-चौथ्या श्वासाला निम्मी घोरू लागली. शिकविणारे गृहस्थ रागावून त्यांना हलवू लागले. आम्ही त्यांचा हात धरला, आणि दिवा मालवून सर्वांना हळूच बाहेर घेऊन आलो.