गाढव, गाडी आणि कंपनी

इतिहासाशी माझे कधीच पटले नाही. शाळेत पानिपतच्या तिसऱ्या लढाईचे साल विचारले की मला हटकून पहिल्या लढाईचे आठवायचे, आणि पहिल्याचे विचारले की काहीच आठवायचे नाही. पुढे वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मला इतिहासाची जी गोडी लागली, ती कुणा विद्वानाच्या व्याख्यानाने नव्हे, तर साबणाच्या एका लॉरीने.

त्याचं असं झालं. १९८२ चा गणेशोत्सव चालू होता. सदाशिव पेठेतल्या आमच्या गल्लीत, वाड्याच्या दारासमोर माझी फियाट उभी होती. गाडी जुनीच घेतलेली. त्या काळी नव्या फियाटसाठी नंबर लावणे म्हणजे नातवासाठी आंब्याची कोय पुरण्यासारखे होते. मी आत चहा घेत होतो. बाहेर आधी भोंगा ऐकू आला, मग पत्रा फाटल्यासारखा कर्रर्र आवाज, आणि मग एकदम शांतता. या शांततेवरूनच मी ओळखले की गेले ते आपले. दुसऱ्या कुणाचे असते तर गल्ली केव्हाच बोलू लागली असती.

बाहेर येऊन पाहतो तो फियाटचे मागचे मडगार्ड आत, बंपर रस्त्यावर आणि डिकीचे झाकण आकाशाकडे. लॉरीतून खाली उतरलेला ड्रायव्हर चाळिशीचा, कृश, कपाळाला गंध लावलेला गृहस्थ होता. त्याचे पहिले वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

"साहेब, हॉर्न दिला होता."

गाडी उभी होती, गाडीत कोणी नव्हते, आणि याने हॉर्न दिला होता! मी त्या वेळी संतापलो. पण पुढे ग्रंथालयात बसून वाचायला लागल्यावर कळले, की तो माणूस नकळत मनुस्मृती सांगत होता. खोटे वाटत असेल तर आठवा अध्याय काढून पाहा. वाहनाच्या अपघातात दंड होऊ नये असे दहा प्रसंग तिथे मोजून दिलेले आहेत. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, गाडी आडवी गेली, उलटी फिरली, आस मोडला, चाक मोडले, वाद्या तुटल्या, जोते किंवा लगाम तुटला तर दंड नाही. आणि शेवटचा प्रसंग, हाकणाऱ्याने 'अपैहि', म्हणजे 'बाजूला व्हा', असे ओरडून सांगितले असेल तर दंड नाही! आपल्या मालमोटारींच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' लिहिण्याची रीत कुठून आली यावर लोक तर्क लढवतात. मला तरी त्यात मनूचाच हात दिसतो. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ती अक्षरे लिहायला बंदी घातली तेव्हा एक प्राचीन परंपरा खंडित झाल्याचे दुःख मला झाले.

मनूचे याहून मोठे शहाणपण पुढच्याच दोन श्लोकांत आहे. हाकणारा अडाणी असल्यामुळे गाडी भलतीकडे जाऊन नुकसान झाले, तर दंड मालकाला, दोनशे पण. हाकणारा कुशल असेल, तर मात्र दंड हाकणाऱ्याला. आणि हाकणारा अडाणी आहे हे ठाऊक असून गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला शंभर पण! (हे कलम पीएमटीला लावले असते तर पुणे पायीच चालले असते.) थोडक्यात, मालकाला सुटायचे असेल तर त्याने एकच म्हणायचे, 'आमचा माणूस फार हुशार आहे हो!'

आणि कंपनीचे पहिले पत्र नेमके असेच आले.

कंपनीचे नाव मी सांगत नाही. तिचा साबण बहुधा तुमच्याही मोरीत असेल. गॅरेजवाल्याने पत्राकाम, रंग आणि बंपर मिळून २७४० रुपयांचे कोटेशन दिले होते. ते पंचनाम्याच्या नकलेसह मी मुंबईच्या हेड ऑफिसला पाठवले. पाच आठवड्यांनी उत्तर आले, की सदर ड्रायव्हर अकरा वर्षे कंपनीच्या सेवेत असून अत्यंत अनुभवी आहे. सबब अपघात त्याच्या चुकीने होणे संभवत नाही. पण चूक झालीच असेल तर ती सर्वस्वी त्याची आहे. शिवाय कंपनीच्या लॉऱ्यांना पिंपरीहून मंडईजवळच्या गोदामाला जाण्याचा मार्ग ठरवून दिलेला आहे व त्यात आपली गल्ली येत नाही. तो तिथे कंपनीच्या कामासाठी गेला नव्हता, तेव्हा जबाबदारी कंपनीची नाही. कळावे.

म्हणजे लॉरी कंपनीची, साबण कंपनीचा, पण गल्ली ड्रायव्हरची!

"अहो, मग आपल्या विम्याचं काय?" घरातून प्रश्न आला. माझा विमा 'थर्ड पार्टी' होता. म्हणजे मी दुसऱ्याला ठोकले तर उपयोग. मला ठोकले तर नाही. या विम्याचीही एक कथा आहे. मोटार कायदा १९३९ चा, पण त्यातले सक्तीच्या विम्याचे प्रकरण अमलात यायला १ जुलै १९४६ उजाडला. तेव्हाही सक्ती होती ती माणसे मरण्या-जखमी होण्यापुरती. मोडलेल्या वस्तूची आठवण सरकारला १९६९ च्या दुरुस्तीत झाली, आणि वस्तूसाठी विमा कंपनीवर मर्यादा घातली ती दोन हजारांची. मग वस्तू फियाट असो की हातगाडी. १९७३ च्या जानेवारीपासून देशातल्या शंभरावर विमा कंपन्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या, पण दोन हजार ते दोन हजारच राहिले. १९८८ च्या नव्या कायद्याने त्याचे सहा हजार केले. माझे मडगार्ड सहा वर्षे आधी चेपले हा माझा दोष.

आमचे एक वकील स्नेही आहेत. त्यांना कंपनीचे पत्र दाखवले, तर त्यांना हर्षवायूच झाला. "अरे, हे तर १८३४ सालचं पत्र आहे!" ते म्हणाले. मी तारीख पुन्हा पाहिली. मग त्यांनी जी हकीकत सांगितली तिच्यामुळे मी इतिहासाच्या नादाला लागलो.

१८३४ साली लंडनच्या बिशप्सगेट स्ट्रीटमध्ये रस्ता ओलांडणाऱ्या एका माणसाला घोड्याच्या छकड्याने पाडले व त्याचा पाय मोडला. छकड्याच्या मालकाने कोर्टात सांगितले, की आमचा छकडा त्या भागात कधी जातच नाही, त्याचा रस्ता फिंचलीचा. गेला असेल तर नोकर आपल्या कुणा मित्राला भेटायला गेला असेल. न्यायाधीश होते बॅरन पार्क. त्यांनी ज्युरीला समजावले, की मालकाच्या कामावर असताना नोकराने थोडी वाट वाकडी केली तरी भरपाई मालकानेच द्यायची. मात्र मालकाचे काम सोडून नोकर निव्वळ स्वतःच्या हौसेने उंडारत असेल तर मालक सुटला. ज्युरीने जखमी माणसाला तीस पौंड दिले. तेव्हापासून जगातल्या तमाम कंपन्या आपला प्रत्येक ड्रायव्हर अपघाताच्या क्षणी उंडारत होता असे सिद्ध करायला धडपडत आहेत.

वकीलसाहेब रंगात आले. १८६२ साली लंडनच्या एका बस कंपनीने तर छापील कार्डच पुढे केले, की आम्ही ड्रायव्हरांना ताकीद दिली होती, शर्यत लावू नका, दुसऱ्या बसला आडवे जाऊ नका. आमचा माणूस आडवा गेला तो आमच्या हुकमाविरुद्ध! कोर्ट म्हणाले, कार्ड छान आहे, पैसे भरा. आणि आपल्याकडेही १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने, एका कंपनीचा मॅनेजर नागपूरहून पांढुर्ण्याला कंपनीची मोटार घेऊन जाताना झालेल्या अपघातात, वरचा माणूस फुकट बसवलेला होता हे ऐकूनही कंपनीलाच जबाबदार धरले.

"मग मी जिंकणार!" मी म्हणालो.

"जिंकशील. ट्रायब्यूनलात तीन-चार वर्षांत."

म्हणून मी आधी मुंबई गाठली. पहिल्या खेपेला साहेब टूरवर होते. दुसऱ्या खेपेला मीटिंगमध्ये. तिसऱ्या खेपेला भेटले. टेबलावर माझीच फाइल, आणि तिच्यात हवालदाराने काढलेला नकाशा. त्यावर पेन्सिलीने बोट ठेवून ते शांतपणे म्हणाले, "मिस्टर, तुमची गाडी सव्वादोन फूट रस्त्यात आली होती. हे आमच्याकडून नाही, पंचनाम्यात आहे."

इथे मला एक कबुली द्यायला हवी. ती आली होती. वाड्याच्या भिंतीशी चार स्कूटरी लागल्या होत्या, चहा गार होत होता, आणि मी गाडीचे ढुंगण बाहेर ठेवून आत गेलो होतो. हे मी घरीही सांगितले नव्हते.

त्या क्षणी मला वाचवले ते एका गाढवाने. १८४२ सालच्या इंग्रजी खटल्यातले हे गाढव. मालकाने त्याचे पुढचे पाय बांधून त्याला हमरस्त्यावर चरायला सोडले होते. वरून तीन घोड्यांचा वॅगन उतारावरून भरधाव आला, वॅगनवाला कुठे तरी मागे राहिला होता, आणि गाढव चाकाखाली गेले. वॅगनच्या मालकाने विचारले, गाढव रस्त्यात सोडणे हा गुन्हा नाही का? कोर्टाने म्हटले, असेल. पण म्हणून समोर दिसणाऱ्या गाढवाच्या अंगावरून जायचा परवाना तुम्हाला मिळत नाही. टाळणे तुमच्या हातात होते. गाढववाल्याला चाळीस शिलिंग मिळाले.

मी ही कथा साहेबांना सांगितली. सगळी ऐकून त्यांनी विचारले, "म्हणजे तुम्ही गाढव, असं तुमचं म्हणणं आहे?"

"माझी गाडी," मी म्हणालो. पण माझा आवाज जरा पडलाच.

ते थोडे विरघळले असावेत. म्हणाले, "गाढवाचं राहू द्या. ड्रायव्हर त्या गल्लीत कंपनीच्या कामानं आला होता, एवढं दाखवा. हेड ऑफिसला मला उत्तर द्यावं लागतं. नाही तर त्याच्याच पगारातून कापू आणि त्याला काढू. मग तुम्ही आणि तो."

पुण्याला परत आलो तर दारात ड्रायव्हर उभा. हातात पिशवी, पिशवीत शेवग्याच्या शेंगा. चहा पुढे केला तर बसेना. "साहेब, लक्ष्मी रोडला मांडव होता. पोलिसानं वळवलं म्हणून तुमच्या गल्लीतून घातली. मी काय मजा मारायला आलो होतो का? पण लिहून कोण देणार? पोलीस म्हणतो, मला आठवत नाही." मग खाली बघत म्हणाला, "ब्रेक पकडला नाही असं म्हणा, असं सांगतायत गॅरेजवाले. पण ब्रेक चांगला होता साहेब. अंदाजच चुकला."

म्हणजे आम्ही दोघेही चुकलो होतो. फरक इतकाच, की माझी चूक कोणी पगारातून कापणार नव्हते.

आता मांडव होता हे लिहून देऊ शकणारे एकच, मंडळ. आणि त्या मंडळाच्या पोरांना मी त्याच वर्षी एक्कावन्न रुपयांच्या जागी पाच रुपये देऊन, वर रस्ता अडवण्यावर भाषणही दिले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो.

"काका, मांडव होता असं लिहून द्यायचं?" अध्यक्षांनी विचारले. ते बी.कॉम.ला होते. "तुम्हीच म्हणाला होतात ना, की मांडवामुळं लोकांचं नुकसान होतं?"

"तेच लिहा," मी म्हणालो.

त्यांनी लिहिले. मंडळाच्या कागदावर, शिक्क्यासह, की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत रस्ता मांडवाने व्यापला असून अवजड वाहने शेजारच्या गल्लीतून वळवण्यात आली होती. मी सेहेचाळीस रुपये काढून ठेवले. पावतीवर त्यांनी 'उर्वरित वर्गणी' असे लिहिले.

ते पत्र गेले आणि तीन आठवड्यांनी कंपनीचा कागद आला. कोणतीही जबाबदारी मान्य न करता, केवळ सद्भावनेपोटी, अंतिम तडजोड म्हणून २००० रुपये. मी सही केली. उरलेल्या सातशे चाळिसांचा हिशेब मी सव्वादोन फुटांच्या नावावर टाकला. मुंबईच्या तीन खेपा वेगळ्या. चेकबरोबर दोन डझन साबणाच्या वड्याही आल्या. त्या आमच्या घरी वर्षभर पुरल्या. सौभाग्यवती त्याला 'मडगार्डचा साबण' म्हणत असे.

पुढच्या वर्षी पुन्हा गणपती आले, पुन्हा मांडव पडला. एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी तीच लॉरी येऊन थांबली. हॉर्न वाजला नाही. ड्रायव्हर खाली उतरला, चालत वाड्यापाशी आला, माझ्या गाडीकडे एकदा पाहिले आणि कडी वाजवली.

"साहेब, गाडी जरा आत घेता का?"

मी चहा तसाच ठेवून गाडी आत घेतली.